बॅटरीले बांधलेला नाडा

पोट्टी आता कुठं झोपली. दुपारची तिची झोप लय पातळ असते, कुकरची शिटी झाली की उठून बसते, म्हून कुकर लावलाच नाही अन हे लिहायले बसली. मले लिहिता येते, पण भरभर नाही येत. नववीत शाळा सुटली ते सुटलीच, अन आता दोन ओळी लिहिल्या की बोटं भरून येतात. पण आमचे हे सकाळी सिलतऱ्याले ड्युटीवर गेले, गाडी गल्लीच्या कोपऱ्यावर वळली, आवाज बारीक बारीक होत गेला, अन मले एकदम ब्राह्मणपाऱ्यातलं बाबाचं घर आठवलं. कुठं धडधडलं की मले तेच घर आठवते. हातातलं काम हातातच राहते, दूध उतू जाते, अन मी त्या दोन खोल्यांच्या ओट्यावर जाऊन बसते, सोळा वर्षाची होऊन.

ते घर म्हणजे पुढं एक खोली, मागं एक खोली, अन मधात परदा. बाजूले देऊळ, तिथं सकाळी पाच वाजता घंटा वाजे अन घंटेच्या मागून आमच्या पाट्यावर आईचा वरवंटा. आई चीला करे, म्हणजे तांदळाच्या पिठाचं धिरडं, अन त्याच्यासंगं टमाटरची चटणी. आम्ही विदर्भातले, घरात भाकर-झुणकाच चाले, पण चीला मात्र आईनं इथल्या छत्तीसगढी बायांपासून शिकला अन मंग तो आमचाच झाला. तवा तापला की पाण्याचा शिपका मारे, छन् होये, अन मी गोधडीत डोळे मिटूनच समजून घेवो की आता बाबा उठून राहिला. बाबा आंघोळ करे, डबा घे, चीला उभ्यानंच खाये, अन मोटरसायकलचं बटन दाबे. खिर्र... भुर्रर्र. त्या दोन आवाजाच्या मधात एक बारीक जागा होती, श्वास घेण्याइतकी. मी रोज त्या जागेत श्वास धरून ठेवो.

बाबा सिलतऱ्याच्या एका लोखंडाच्या प्लांटात फिटर होता. सांजच्याले परत आला की तो सगळा काळा राहे, कानात काळं, नाकात काळं, डोळ्याच्या कडेले काजळ घातल्यावानी. आई अंगणात त्याचा शर्ट झटके अन शर्टातून बारीक बारीक चमकी पडे. लोखंडाची भुकटी ती. माह्यापाशी फुटलेल्या रेडिओतलं एक चुंबक होतं, ते मी त्या चमकीवरून फिरवो, मंग त्याच्यावर केस उभे राहत, सुरवंटाच्या अंगावर असतात तसे. लहान होती तवा मले वाटे, बाबा जिथं जाते तिथी आभाळ खाली असन अन तारे त्याच्या अंगाले घासत असतीन. मोठी झाल्यावर समजलं की तिथी धूर आहे अन ट्रका आहेत. पण चुंबक मी फेकलं नाही. आजही माह्या डब्यात आहे, पोट्टीच्या पायातल्या वाळ्यासंगं.

गाडी बाबाले लय वर्षांनी मिळाली होती. त्याच्या आधी सायकल अन कंपनीची बस. म्हून गाडीले कोणी हात लावायचा नाही, असा घरात कायदाच होता. गल्लीत शिरतानी बाबा कोपऱ्यावरच गाडी बंद करे अन उतारावरून सूंऽऽ असा घरंगळत दारापर्यंत ये. हॉर्न तर त्यानं गल्लीत कधीच वाजवला नाही. देऊळ आहे, म्हातारी माणसं आहेत, लेकरं निजली असतीन, असं म्हणे. आई हसे. "तुमी चोरावानी येता घरी," म्हणे. बाबा म्हणे, "मंग? तू पकडत जा."

तर त्या वर्षी दसऱ्याले बाबाची अर्धाच दिवस ड्युटी होती, दुपारी येऊन तो आडवा झाला, अन आईनं मले म्हटलं, "बेबी, गाडी धुऊन घे अन पूजा करून टाक. बाबाले आज उठवू नको." मले घरात बेबी म्हणत. मी गाडी धुतली, फडक्यानं पुसली, हळद-कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. मंग आईनं पूजेचा लाल-पिवळा नाडा आणून देल्ला, इथी त्याले मौली म्हणतात. मी म्हटलं, "हँडलले बांधू?" आई मागं आपट्याची पानं निवडून राहिली होती, तिनं मान वर न करताच म्हटलं, "जिथी गाडीचा जीव आहे तिथी बांध. तो त्या ट्रकांमधून जाते रोज."

आईचा अर्थ काही तसा नव्हता. पण मी उभ्या उभ्या विचार करायले लागली की गाडीचा जीव कुठं असन. अन मले आठवलं, समोर मिस्त्री काकाच्या टपरीत कोणाची गाडी मेली की ते पहिलं बाजूचं झाकण काढतात अन बॅटरी पाहतात. म्हणजे जीव तिथीच. मी चावीनं झाकण काढलं. आतमधी ती बसली होती, काळा चौकोनी डबा, पट्ट्यानं बांधलेला, एका बाजूले लाल टोपी, दुसरीकडं काळा वायर. मी आईच्या शिलाई मशीनचा पेचकस आणला, तो एवढासा, करंगळीएवढा. काळ्या वायरचा पेच फिरवला, वायरची कडी वर उचलली, अन त्या कडीच्या खाली नाड्याचे सात वेढे देल्ले. एकेका वेढ्याले म्हटलं, बाबाले सांभाळ, बाबाले सांभाळ. मंग पेच परत लावायले गेली तर आतला नट खाली बसून गेला होता, पेच नुसता फिरे अन धरेच ना. मी केसातली पिन काढून नट वर उचलला, कसातरी दोन आटे पेच बसला, अन झाकण लावून टाकलं. कपाळाले घाम आला होता. मले वाटलं, मी किती मोठं काम केलं.

सांजच्याले सोनं द्यायले लोकं आले, बाबानं गाडीचा हार पाहून म्हटलं, "वा रे पोट्टी." नाड्याचं मी सांगतलं नाही. मागणं छुपं ठेवलं की ते जास्त फळते, असं मले वाटे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबानं बटन दाबलं अन खिर्र झालंच नाही. टिक्. एवढंच. परत दाबलं, टिक्. बाबा म्हणाला, "आँ?" मंग किक मारली, गाडी सुरू झाली, गेला. मी दारात उभी होती, हातात झाडू. तो टिक् माह्या पोटात वाजला. मले समजलं होतं, खोटं काहून बोलू. नीट नाही, पण समजलं होतं. तरी मी म्हटलं नाही. गाडीले हात लावला म्हून बाबा बोलन, आईनं सांगतलं म्हून आईवर येईन, अन घरात अगोदरच सगळे म्हणत की हिच्या हातात काही टिकत नाही, शाळा टिकली नाही, कपबशा टिकत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी परत टिक्, टिक्. बाबा म्हणाला, "बॅटरी बसली वाटते, इतवारी पाहू." मी म्हटलं, "बाबा..." तो म्हणाला, "काय?" मी म्हटलं, "डबा घेतला?" तो म्हणाला, "हव," अन गेला.

त्या सांजी देवळाची आरती झाली अन बाबा आला नाही. चीलाचं पीठ भांड्यात फुगून आलं. गल्लीतून एक गाडी गेली, दुसरी गेली, कोणतीच कोपऱ्यावर बंद झाली नाही. मंग प्लांटातले दोन माणसं आले अन आईले म्हणाले, "भाभी, घबराना नहीं."

परतीच्या रस्त्यावर खड्ड्यात चाक गेलं अन गाडीतलं सगळं एकदम गेलं. इंजिन गेलं, बत्ती गेली, मागचा लाल दिवा गेला. मागून ट्रक. बाबानं गाडी कडेले ओढली, ट्रकच्या बाजूची फळी हँडलले घासून गेली, बाबा काळ्या धुळीत पडला अन खांद्याजवळचं हाड मोडलं. दवाखान्यात तो पांढऱ्या चादरीवर काळा काळा पडला होता अन एकच गोष्ट म्हणून राहिला होता, "मी हॉर्न दाबला. दाबूनच राहिलो. आवाजच नाही. एवढे ट्रक अन मले आवाजच नाही." मी पलंगाच्या पायापाशी उभी होती. आजही कधी आमच्या पोट्टीनं रडायले तोंड उघडलं अन आवाज निघायले जरासा उशीर लागला, की मले ते बाबाचं वाक्य ऐकू येते.

दुसऱ्या दिवशी गाडी टेम्पोत घालून आणली अन मिस्त्री काकाच्या टपरीपुढं उतरवली. मिस्त्री काका छत्तीसगढी माणूस, पांढरी मिशी, बोलणं कमी, साऱ्या पोरींले नोनी म्हणत. मले त्यांनी लोटाभर पाणी मागितलं, मी घेऊन गेली तर झाकण उघडं होतं. वायरची कडी त्यांनी बोटानं हलवली, ती सैल दातावानी हलली. त्याच्या खालून त्यांनी नाडा ओढला. लाल-पिवळा आता नव्हताच तो, काळा, करपलेला, एकीकडं हिरवट पांढरं काहीतरी जमलेलं. "ए ला कोन बाँधे हे, नोनी?" हे कोणी बांधलं. मी लोटा धरून उभी राह्यली. पाणी माह्या पायावर सांडून राहिलं होतं. त्यांनी माह्याकडं पाह्यलं, मंग माह्या हाताकडं, मंग तो नाडा माह्या मुठीत ठेवून मूठ बंद केली. "मोला झन बता," म्हणाले. "जेला बताना हे, तेला बता." मले नको सांगू, ज्याले सांगायचं त्याले सांग.

मले सांगता आलं नाही. एक दिवस गेला, चार गेले. नाडा उशीखाली. बाबा पुढच्या खोलीत गळ्यात पट्टा बांधून बसे, छताकडं पाहे. भेटायले कोणी आलं की म्हणे, "चूक माहीच. दोन दिवस गाडी टिक् टिक् करून सांगत होती, मी ऐकलं नाही. आता माहे कान गेले, हातही गेले. मले आता गाडी जमत नाही." प्रत्येकाले हेच सांगे, अन दर वेळी त्याचा आवाज जरासा म्हातारा होये. मंग एका दिवशी आईले म्हणाला, गाडी विकून टाकू, समता कॉलोनीतला एक माणूस इतवारी पाहायले येते, मी परत बसनं जाईन. बस म्हणजे पहाटे चारले उठणं अन सांजचं कधी येणं त्याचा पत्ता नाही. पण आई बसच्या पायी रडली नाही. ती परद्यामागं येऊन मले म्हणाली, "हा माणूस भ्यायला गं. मी याले कधी भ्यालेलं पाह्यलं नव्हतं."

दुपारी सगळे झोपले की मिस्त्री काका टपरीतून हात करत, "आ नोनी." मी जावो. त्या दुपारा मले आता सपनावानी वाटतात. टिनावर कबुतरं चालत, टक टक, पत्र्याच्या भोकातून उन्हाचे रुपये जमिनीवर पडत अन हळूहळू सरकत, अन मिस्त्री काका जुनी बॅटरी मांडीवर घेऊन बसत, जसं कोणाचं लेकरू असन. पहिलं त्यांनी माह्या हातातलं कडं काढायले लावलं. तारेचा एक तुकडा दोन्ही टोकांले टेकवून दाखवला, चट्ट अशी निळी ठिणगी उडाली. कडं असतं तर ते हातातच लाल झालं असतं, म्हणाले. मंग शिकवलं, खोलतानी काळा वायर आधी, लावतानी काळा शेवटी. तो हिरवट थर खायचा सोडा टाकलेल्या गरम पाण्यानं अन जुन्या ब्रशनं धुवायचा. सोडा मी घरून न्यायची, आईच्या भज्याच्या डब्यातला. वाळवायचं, कडी घासून चमकवायची, धातूले धातू लागला पायजे, मधात काही नको. केस नको, कचरा नको. देव पण नको, असं ते म्हणाले, अन लगेच आपलेच कान धरले.

नट खाली बसते ना, त्याच्यासाठी तर त्यांच्यापाशी जादूच होती. सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा कापून नटच्या खाली घातला. रबर दबते अन नटले वर ढकलते, मंग पेच आपोआप धरते. मी ते पाहून रडायलेच लागली. एवढासा रबर! दसऱ्याच्या दिवशी माह्यापाशी केसाची पिन होती अन घरात जुनी ट्यूब पडली होती. मिस्त्री काकानं माह्याकडं न पाहता पाना माह्या हातात देल्ला. कस, पण जोर नको करू, शिसं नरम राहते, आटे मरतात. बसला असं वाटलं की थांब. वरून व्हॅसलीनचं बोट. अन सगळ्यात शेवटी वायर चिमटीत धरून ओढून पाहायचा. "हाथ मा हालही, त रद्दा मा घलो हालही." हातात हलला तर रस्त्यावर पण हलन. मी ओढला. हलला. परत कसला. परत ओढला. किती दुपारा मी ते करत राह्यली मले माहीत नाही. आता विचार करते तर वाटते की शाळेत मले असं कोणी एकच गोष्ट शंभर वेळा करू देल्ली असती, तर मी कदाचित दहावी झाली असती.

मंग इतवार आला. सकाळची वेळ, आई मागं चीला टाकून राहिली होती, बाबा खाटेवर. समता कॉलोनीतला माणूस दहा वाजता येणार. मी उशीखालून नाडा काढला अन बाबापुढं जाऊन मूठ उघडली.

"हे काय?" बाबा म्हणाला.

"तुमच्या बॅटरीत होतं. मी बांधलं होतं. दसऱ्याले. वायरच्या खाली."

बाबानं नाडा घेतला नाही, नुसता पाह्यला. मागं तव्यावर पाणी पडलं नाही, म्हणजे आईनं ऐकलं. मंग तो म्हणाला, "किती वेढे?"

"सात."

"सातच काहून?"

"लग्नात सात असतात म्हून."

बाबाच्या तोंडातून एकदम हसू फुटलं अन त्यानं खांदा धरला. "अवो माय... हसवू नको पोट्टी, हाड दुखते." आई परद्यातून आली, हातात उलथणं. "तिले बोलू नका. मीच म्हटलं होतं, जीव आहे तिथी बांध म्हून. मले काय माहीत ही खरंच शोधायले जाईन!" बाबा म्हणाला, "तू चीला पाहा, जळून राहिला." आई गेली.

मंग तो हसायचा थांबला. "दोन दिवस सकाळी टिक् टिक् झालं, तवा तू दारातच होती."

"हव."

"मले बाबा म्हणून हाक मारली होती तू. मंग डब्याचं विचारलं."

"हव."

तो बोलला असता, एक झापड मारली असती, तर मले सोपं गेलं असतं. मी तशीच उभी, चीला जळल्याचा वास, देवळात कोणीतरी घंटा हलवून गेलं. आता मी आई झाली तर मले वाटते, तो तवा माह्यावर रागावला नव्हता. आपली पोट्टी एवढी भ्याली की बापाले सांगू नाही शकली, हेच तो पाहून राहिला होता. माह्या पोट्टीनं मले असं भ्यावं असं मले नाही वाटत. पण मीच एवढी भित्री, ते तिले कसं शिकवू, मले नाही समजत.

दहा वाजता माणूस आला. बाबानं खाटेवरूनच सांगतलं, "भैया, गाडी नहीं बेचना है. कान ठीक हैं मेरे." त्या माणसाले काही समजलं नाही, चहा पिऊन गेला.

हाड जुळलं, पट्टा निघाला, अन ड्युटीचा पहिला दिवस आला. घंटा वाजली, चीला झाला, डबा भरला. बाबा बाहेर गेला, पण गाडीवर बसला नाही. गाडीपाशी उभा राहून मले हाक मारली. मी गेली तर त्यानं मिस्त्री काकाचा पाना माह्यापुढं धरला. "कस."

मी कडं काढून आईच्या हातात देल्लं. झाकण काढलं. काळा खोलला, लाल खोलला, पुसलं, रबर पाह्यलं, लाल कसला, काळा कसला, व्हॅसलीनचं बोट फिरवलं, वायर ओढला. हलला नाही. परत ओढला. हलला नाही.

"बाबा, तुमी एकदा ओढून पाहा ना."

"काहून? तू पाह्यलं ना?"

"तरी."

"तू पाह्यलं," बाबा म्हणाला अन बसला, बटन दाबलं. खिर्र, भुर्रर्र. मधातल्या त्या बारीक जागेत मी अन आई दोघींनी श्वास धरला होता. तो कोपऱ्यावर वळला अन आवाज बारीक होत गेला.

तो दिवस संपता संपे ना. मी धुणं धुतलं, धुतलेलं परत धुतलं. आई म्हणाली, जेव, मी म्हटलं, भूक नाही. आजही आमचे हे निघायच्या आधी मी रोज त्यांच्या गाडीचं झाकण काढते, ते हसतात, "अरे कल ही तो देखा था तुमने," म्हणतात, हिंदीतच बोलतात ते. मी हसत नाही. या दसऱ्याले सासूबाईनं नाडा देल्ला तो मी आरशाच्या दांडीले बांधला, चांगला घट्ट, अन कडेवरची पोट्टी तो चोखून राहिली होती. पण सकाळी त्यांची पाठ वळली की दिवस तसाच लांब होते, त्या दिवसावानी.

त्या दिवशी सांज झाली तवा मी ओट्यावर बसली होती, पाना मांडीवर. आरती झाली. एक गाडी गेली. दुसरी गेली. समोर मिस्त्री काका टपरीचं टिन ओढता ओढता थांबले होते, दाखवत नव्हते पण थांबले होते. मंग कोपऱ्यावर गाडी आली, अन ती बंद झाली नाही. हॉर्न वाजला. लांब, म्हशीवानी, पीऽऽऽऽ. देवळातला पुजारी बाहेर आला. कोणाचं तरी लेकरू उठून रडायले लागलं. बत्तीचा उजेड भिंतीवरून सरकत आमच्या ओट्यावर आला, माह्या पायावर, मांडीवर, पान्यावर. आई परदा सोडून धावत आली अन डोक्याले हात लावून म्हणाली, "अवो, बंद करा ना! लोकं काय म्हणतीन!" बाबानं अंगठा उचलला नाही. कोपऱ्यापासून दारापर्यंत, तोंड काळंभोर, दात पांढरे, तो वाजवतच आला.